टँकरवरची बाई

स्वरूपा मूळची मनमाडची. लग्नानंतर नाशिकच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची, पेपरांचे गठ्ठे घरी आणायची, वेळापत्रकावरून प्राचार्यांशी भांडायची आणि एकंदरीत बरं चाललं होतं. मग नवऱ्याच्या, यतीनच्या, बँकेनं त्याला टोकियोला पाठवलं. "तीन वर्षांचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला. तिनाची सहा झाली. तोयोसुला खाडीकाठच्या उंच इमारतीत बँकेनं घर दिलेलं होतं. भिंतभर काच, काचेपलीकडे पाणी, पाण्यावर पूल. पहिल्या वर्षी पाहुण्यांना ती हे सगळं हौसेनं दाखवायची. नंतर नंतर तीच काच तिला खायला उठायची. यतीन ऑफिसला, मुलगी ईश्वरी शाळेला गेली की ती या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत फेऱ्या मारायची, पुसलेला ओटा पुन्हा पुसायची, कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, चोवीस तास उघड्या असलेल्या दुकानात, जाऊन काहीच न घेता परत यायची. जपानी शिकली, दोन परीक्षा पास झाली, तरी इतिहास शिकवायला तिला कोण बोलावणार होतं?

एक दिवस लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरची वैभवी भेटली. "अगं, तू इतकी तरतरीत आहेस, ते एजन्सीचं काम कर ना. जाहिरातींना, टीव्हीला परदेशी चेहरे लागतात. मी दोनदा गेले. विमानतळावरची गर्दी म्हणून नुसतं बॅग ओढत चालायचं होतं."

स्वरूपा दुसऱ्याच दिवशी शिंजुकूच्या एका गल्लीतल्या त्या एजन्सीत गेली. तिथले नागासे-सान पन्नाशीचे, किडकिडीत, अतिशय अदबशीर. त्यांनी समोरून, बाजूनं फोटो काढले, देश विचारला, आणि "इंडिया" ऐकल्यावर मान एका बाजूला कलती करून दातांतून हवा आत ओढली. काही अवघड असलं की इथली माणसं असा आवाज करतात, हे तिला एव्हाना माहीत होतं.

"इंडिया म्हणजे साडी आणि कपाळावर टिकली. ते काम वर्षातून एकदा येतं," ते म्हणाले. मग तिच्या कुरळ्या केसांकडे, मोठ्या डोळ्यांकडे, बोलताना उडणाऱ्या हातांकडे पाहून त्यांचा चेहरा उजळला. "पण लातिन-केई छान चालेल!"

लातिन-केई, म्हणजे लॅटिन वळणाची. तिकडच्या देशांतली वाटेल अशी.

"मी तिकडं कधी गेलेलीही नाही," स्वरूपा म्हणाली.

"प्रेक्षकही गेलेले नाहीत," नागासे-सान मनापासून म्हणाले.

घरी येऊन तिनं ही गोष्ट सांगितली तेव्हा यतीन पोट धरून हसला. तीही हसली.

काम लागलं ते एका टीव्ही कार्यक्रमात. जगात कुठं कुठं घडलेल्या चमत्कारिक घटना नटनट्यांकडून पुन्हा घडवून दाखवायच्या आणि स्टुडिओत बसलेल्या हास्यकलाकारांनी त्यावर "एऽऽ?" करून ओरडायचं, असं त्याचं स्वरूप. स्वरूपा त्यात नेहमी कुणाची तरी बायको असायची. कधी ब्राझीलमधली, कधी मेक्सिकोतली, कधी व्हेनेझुएलातली. देश बदलायचा, बायको तीच. लाल झगा, कानात बांगडीएवढी कडी, ओठांवर भडक रंग. ती नवऱ्याचा फोन तपासायची, त्याचे कपडे खिडकीतून फेकायची, दुसरीच्या झिंज्या ओढायची आणि शेवटी त्याच्याच गळ्यात पडायची. नवरा बहुधा रुस्तम नावाचा उझबेकिस्तानचा एक लाजाळू विद्यार्थी असायचा. प्रत्येक दृश्याआधी तो तिची माफी मागायचा.

भाषेची काळजी नव्हती. "कुठल्याही भाषेत ओरडा, वरून जपानी आवाज घालतो," असं दिग्दर्शक कुरोइवा-साननी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. मग काय, स्वरूपा मराठीत ओरडायची. "गॅस बंद करायला सांगितला होता ना तुला! भाजीत मीठ कोण घालणार, तुझे साहेब?" असलं काहीही. सहा वर्षांत एवढ्या मोठ्यानं ती घरातही बोललेली नव्हती. पातळ भिंती, खालचे वरचे शेजारी, सगळं सांभाळून जगायचं. इथं मात्र कुरोइवा-सान कॅमेऱ्यामागून हात फिरवत म्हणायचे, "मोत्तो, मोत्तो! आणखी जोनेत्सु!" जोनेत्सु म्हणजे आतली आग, उत्कटपणा. तो शब्द तर तिला दिवसातून इतक्यांदा ऐकू यायचा, की तिच्या नावाला 'सान'ऐवजी तोच जोडलाय की काय असं वाटावं.

खोटं कशाला सांगा, तिला मजा यायची. चित्रीकरणाहून परत येताना ट्रेनमध्ये ती डोकं मागं टेकून डोळे मिटायची आणि तिला वाटायचं, आज अंगातून काहीतरी निघून गेलं.

पहिला खडा लागला तो एका जेवणाच्या वेळी. यतीनच्या बँकेतल्या संजीवकडे चार-पाच मराठी कुटुंबं जमली होती. अनघानं, म्हणजे संजीवच्या बायकोनं, मसालेभात केला होता. जेवणं झाल्यावर संजीवनं मोठ्या टीव्हीवर स्वरूपाची एक क्लिप लावली. ती लाल झग्यात, रुस्तमवर बशा फेकत होती.

"काय रे यतीन, घरीही अशीच का?" संजीव म्हणाला. "लॅटिना म्हणजे नुसती मिरची! या बायका म्हणजे ना, एकतर नाचणार नाहीतर मारणार, मधलं काही नाहीच."

"तुला रे काय माहीत?" अनघा म्हणाली.

"पाहतो ना सिरियल्स."

सगळे खो खो हसले. स्वरूपाही हसली. पण कोपऱ्यात मुलांबरोबर बसलेली ईश्वरी एकदम उठली, आईजवळ आली आणि हळूच जपानीत म्हणाली, "शाळेतल्या मुलीही बघतात हे. मला म्हणतात, तुझी आई घरी बशा फेकते का गं?" मग क्षणभर थांबून, "हाझुकाशी," म्हणाली. लाज वाटते.

स्वरूपा तिला मराठीत म्हणाली, "अगं, मी थोडीच आहे ती? ती लॅटिन बाई आहे."

"मग ती फेकते का?" ईश्वरीनं विचारलं.

याला उत्तर द्यायला स्वरूपानं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की त्या देशांतली एकही बाई आपल्या ओळखीची नाही.

ती ओळख झाली पुढच्या चित्रीकरणाला. सेटवर स्वरूपानं आधी कधी न पाहिलेली एक बाई आली होती. चाळिशीची, कानापर्यंत कापलेले सरळ केस, राखाडी कार्डिगन, पायात सपाट बूट. स्वरूपानं तिला निर्मिती विभागातली कुणीतरी समजून वाकून नमस्कार केला आणि पाणी कुठं मिळेल ते विचारलं. तिनं पाणी आणून दिलं. मग ती सेटवरच्या दुकानाच्या पाटीपाशी गेली आणि तिथल्या अक्षरांतली एक चूक दाखवून म्हणाली, "स्पॅनिशमध्ये असं लिहीत नाहीत."

तिचं नाव मिलाग्रोस हिगा. जन्म पेरूमधल्या लिमाचा. पणजोबा जपानमधल्या ओकिनावाहून तिकडं ऊस तोडायला गेले होते. मिलाग्रोस नऊ वर्षांची असताना आईबाप उलट दिशेनं इकडं आले, मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागले, आणि ती योकोहामाच्या त्सुरुमी भागात वाढली. आता ती शाळांमधून दुभाष्याचं काम करायची. परदेशी मुलांच्या आईवडिलांना शिक्षकांचं बोलणं समजावून सांगायची. या कार्यक्रमात पाट्या आणि वर्तमानपत्रांचे मथळे तपासायला तिला अधूनमधून बोलवायचे.

दुपारी ओबेंतोचे डबे उघडून दोघी शेजारी बसल्या, तेव्हा हे सगळं कळलं. स्वरूपाच्या तोंडून निघून गेलं, "पण तुम्ही तशा दिसत नाही."

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. मिलाग्रोसनं मात्र शांतपणे भाताचा घास घेतला.

"लिमात मला चिनी म्हणायचे. इथं माझं बोलणं ऐकून विचारतात, तुम्ही कुठल्या खेड्यातल्या?" ती म्हणाली. "दहा वर्षांपूर्वी मीही नागासे-सानकडे नाव घातलं होतं. लॅटिन बाईच्या कामासाठी. ते म्हणाले, तुमच्यात लॅटिनपणा कमी आहे. मग मला एकदा हाँगकाँगची वेट्रेस केलं आणि एकदा प्रेत."

स्वरूपाला हसू आलं, पण ते पुरतं बाहेर पडेना. अंगावरचा लाल झगा तिला अचानक दुसऱ्याच्या घरातून न विचारता आणल्यासारखा वाटायला लागला.

"तुम्हाला नाचता येतं?" तिनं विचारलं.

"अजिबात नाही. मला धक्क्यावर बसून मासे पकडायला आवडतं. तुम्हाला येतं?"

"मलाही नाही."

त्यानंतर त्यांच्यात मैत्री झाली. रविवारी स्वरूपा कधी ईश्वरीला घेऊन त्सुरुमीला जायची. मिलाग्रोसचं घर दोन खोल्यांचं, म्हाताऱ्या आईसह. तिथं कुणी मोठ्यानं बोलत नसे. आई टीव्हीवर सुमो बघायची, मिलाग्रोस बटाट्याच्या साली काढता काढता एखाद-दुसरं वाक्य बोलायची आणि स्वरूपाला वाटायचं, या घरातली सगळ्यात लॅटिन बाई मीच. हे मनात आलं की लगेच तिला स्वतःचा राग यायचा.

मग ते टँकरचं प्रकरण आलं.

'जगातल्या मत्सरी बायका' असा एक खास भाग निघणार होता. त्यातली एक घटना दक्षिण अमेरिकेतल्या डोंगराळ गावची होती. एक बाई भर रस्त्यात चालत्या टँकरच्या बॉनेटवर चढते, काचेवर मुठी आपटते, ड्रायव्हरवर किंचाळते. मोबाइलवर घेतलेली ही क्लिप जगभर फिरली होती. खाली मथळा होता, 'नवऱ्याचं लफडं कळल्यावर लॅटिन बायको'. कोट्यवधी लोकांनी ती पाहिली होती, हसण्याची चिन्हं टाकली होती. बाईचं काम अर्थातच स्वरूपाला मिळालं. आजवर मिळालेल्यांत हे सगळ्यात मोठं काम.

चित्रीकरण त्सुकुबाच्या पुढं एका बंद पडलेल्या दगडखाणीत होतं. सकाळी बसमध्ये मिलाग्रोस तिच्या शेजारी येऊन बसली. तिच्या हातात फोन होता आणि चेहरा नेहमीपेक्षा फिकट.

"पाट्यांवर गावाचं नाव घालायचं होतं म्हणून मी शोधत होते," ती म्हणाली. "तर त्या बाईची मुलाखत सापडली. तिथल्या एका छोट्या रेडिओनं घेतलेली. तुम्ही बघा."

पडद्यावर पन्नाशी ओलांडलेली एक बाई अंगणात बसली होती. दोन वेण्या, खरखरीत हात. ती थांबत थांबत बोलत होती, मिलाग्रोस तिचं बोलणं जपानीत सांगत होती. बाईचं नाव डेल्फिना. गावाला पाणी देणारा एकच झरा. वरच्या अंगाला कुणीतरी हॉटेल बांधायला घेतलं, तसे त्या लोकांचे टँकर येऊन झरा उपसायला लागले. शाळेचा नळ आटला, बायका कोसभर लांबून पाणी आणायला लागल्या. तक्रारी करून झाल्या. एक दिवस भरलेला टँकर तिच्या डोळ्यांसमोरून निघाला आणि ती त्याच्यावर चढली.

"आणि नवरा?" स्वरूपानं विचारलं.

"नवरा वारून नऊ वर्षं झाली. ड्रायव्हर कुणीतरी परका. ती म्हणते, त्याचं नावही मला माहीत नाही."

स्वरूपानं फोन परत दिला. बाहेर भाताची खाचरं मागं जात होती, काठोकाठ पाण्यानं भरलेली.

मनमाडच्या माणसाला टँकर म्हणजे काय, ते सांगावं लागत नाही. तिथं नळाला पाणी पंधरा-पंधरा दिवसांनी यायचं आणि उन्हाळ्यात गल्लीत टँकर आला की हंडे, कळशा, बादल्या घेऊन बायका धावायच्या. स्वरूपाची आई, सरोजिनी, प्राथमिक शाळेत शिक्षिका. वर्गातसुद्धा कधी आवाज न चढवणारी. पण एका वैशाखात टँकर त्यांच्या गल्लीत न थांबता एका नगरसेवकाच्या लग्नघराकडं निघाला, तेव्हा तीच आई पदर खोचून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली होती. दोन्ही तळवे तापलेल्या बॉनेटवर ठेवून ती जे काही ओरडली, ते ऐकून दहा वर्षांची स्वरूपा कळशी हातात धरून तशीच थिजली होती. टँकर थांबला होता. त्या दिवशी मनमाडात कुणीही, अगदी कुणीही विचारलं नव्हतं, की या बाईच्या नवऱ्याचं कुठं काय चाललंय.

खाणीत पोचल्यावर मिलाग्रोस सरळ कुरोइवा-सानकडे गेली. स्वरूपा मागोमाग. मिलाग्रोसनं दोनदा वाकून, अडचण करत असल्याबद्दल माफी मागून, सगळं सांगितलं. कुरोइवा-साननी ती मुलाखत पाहिली. नीट, शेवटपर्यंत पाहिली. तो माणूस वाईट नव्हता. आठवडाभर झोप न झालेला होता.

"हिगा-सान, कळतंय मला," ते म्हणाले. "पण भागाचं नावच 'मत्सरी बायका' आहे. संहिता वरून मंजूर झालीय, निवेदन लिहून झालंय. शिवाय..." त्यांनी क्लिप पुन्हा लावली आणि आवाज बंद केला. "बघा ना. प्रेक्षक विचारतील, मत्सर नाही तर मग ही बाई एवढी कशासाठी ओरडतेय?"

"पाण्यासाठी," स्वरूपा म्हणाली.

"पाण्यासाठी," कुरोइवा-साननी तिचा शब्द परत उच्चारला. टेबलावर पाण्याच्या बाटल्यांचा एक अख्खा खोका होता. त्यांनी मान कलती केली, दातांतून हवा ओढली आणि म्हणाले, "विचार करतो." याचा अर्थ दोघींनाही समजला.

मिलाग्रोस पुन्हा वाकली आणि आपल्या पाट्यांकडे गेली. स्वरूपा तिथंच घुटमळली. निघून जावं? पण परतीची बस संध्याकाळी होती, एजन्सीशी करार होता, आणि तिच्या एकटीपायी पन्नास माणसांचा दिवस फुकट गेला असता. ही सगळी कारणं खरी होती. तरी आणखी एक कारण होतं, जे ती पुढं कितीतरी दिवस स्वतःलासुद्धा सांगत नव्हती. तिला त्या टँकरवर चढायचं होतं.

ती चढली. दोन वेण्या घातलेल्या, पण ओठ लालभडक. काचेपलीकडे रुस्तम स्टीअरिंग धरून बसला होता. "तयार! सुरू!" अशी हाक आली आणि स्वरूपानं काचेवर मुठी आपटल्या.

"कुठं नेतोस पाणी?" ती ओरडली. "आमचे हंडे काय देव्हाऱ्यात पुजायला ठेवलेत? पोरं शाळेतून कोरड्या घशानं येतात आणि तू लग्नघरी पाणी पोचवतोस? उतर खाली! उतर म्हणते ना! चावी दे इकडं!"

तिला थांबताच येईना. वैशाखातली ती गल्ली, आईचे तळवे, सहा वर्षं काचेआड फेऱ्या मारणं, सगळं एकातून एक बाहेर पडत होतं. रुस्तम खरोखरच घाबरून मागं सरकला. "कट" म्हटल्यावरही ती दोनदा मूठ आपटून गेली.

मग कुरोइवा-सान टाळ्या वाजवत पुढं आले. त्यांचे डोळे चमकत होते.

"सुबाराशी!" ते म्हणाले. "अप्रतिम! हाच तो जोनेत्सु! असा मत्सर मी आजवर पाहिला नाही!"

स्वरूपा बॉनेटवर तशीच बसून राहिली. लांबवर मिलाग्रोस पाटीला हात लावून उभी होती. तिनं नजर दुसरीकडे वळवली.

पुढच्या दृश्यात बायकोनं बोटातली अंगठी नवऱ्याच्या तोंडावर फेकायची होती, मग त्यानं गुलाब दिल्यावर विरघळून त्याच्याबरोबर टँकरभोवती नाचायचं होतं. स्वरूपा खाली उतरली आणि म्हणाली, "हे मी करणार नाही."

गोंधळ उडाला. नागासे-सानचा फोन आला; त्यांच्या अदबीला पहिल्यांदाच धार होती. तिला सगळ्यांनी समजावलं. ती "सुमिमासेन" म्हणत राहिली, माफ करा, माफ करा, पण जागची हलली नाही. शेवटी कुरोइवा-साननी घड्याळ पाहिलं, गर्दीतल्या एका मुलीला वेण्यांचा टोप चढवला, ती मुलगी पाठमोरी नाचली आणि दृश्य झालं. एवढं सोपं होतं ते.

परतीच्या बसमध्ये स्वरूपा मिलाग्रोसशेजारी बसली.

"रागावलात?" स्वरूपानं विचारलं.

"तुम्ही फार चांगलं ओरडलात," मिलाग्रोस म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण हात मांडीवर घट्ट आवळलेले. "मी आठ वर्षं या लोकांना हळू आवाजात सांगतेय. ऐकत नाहीत. कारण मी त्यांच्या मनातली ती बाई नाही. आणि मी ओरडले असते, तर म्हणाले असते, बघा, शेवटी लॅटिनच. मग मी करायचं काय? तुम्ही सांगा. तुम्ही घरी जाऊन झगा उतरवता. मी काय उतरवू?"

खिडकीच्या काचेत तिला आपल्या ओठांवरचा लाल रंग दिसला. तिनं तो हातरुमालानं पुसला, तो गालभर पसरला.

भाग प्रसारित झाला. यतीन, ईश्वरी आणि ती, तिघं सोफ्यावर बसून पाहत होते. टँकर आला, ती बॉनेटवर चढली आणि एका जपानी नटीचा चिरका आवाज घुमला, "कोण आहे ती? सांग, माझ्यापेक्षा सुंदर आहे का?" स्टुडिओतले सगळे "एऽऽ?" करून मागं रेलले. मग पाठमोऱ्या मुलीचा नाच. अगदी शेवटी, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ दोन क्षण झळकून गेली.

"काय लिहिलं होतं?" यतीननं विचारलं.

ईश्वरीनं वाचलं होतं. "या घटनेविषयी निरनिराळी मतं आहेत."

म्हणजे कुरोइवा-साननी खरंच विचार केला होता.

त्यानंतर मिलाग्रोसला त्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं नाही. स्वरूपाला मात्र आठवड्याच्या आत आलं. टँकरवाला तुकडा लोकांना फार आवडला होता. तिनं मिलाग्रोसला तीन संदेश पाठवले. एकाचंही उत्तर नाही. ती पुन्हा या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत फेऱ्या मारायला लागली. यतीन म्हणाला, "अगं, टीव्हीच तर आहे. कशाला एवढं मनाला लावून घेतेस?" ती त्याच्यावर अशी खेकसली, की तो चहाचा कप घेऊन दुसऱ्या खोलीत गेला, आणि मग तिला त्याचंही वाईट वाटलं.

रविवारी मनमाडहून आईचा व्हिडिओ कॉल आला. अनघानं ती क्लिप कुठल्याशा ग्रुपवर टाकली होती, ती फिरत फिरत आईपर्यंत गेली होती.

"पाहिलं गं तुझं काम," आई म्हणाली. "ती जपानी बाई वरून काय बोलते, देव जाणे. पण खालून तुझा आवाज येत होता. तू टँकरवाल्याला ओरडत होतीस ना?"

स्वरूपा पडद्याकडं झुकली. "ऐकू आलं तुला?"

"चारदा लावून ऐकलं. हंडे म्हणालीस, लग्नघर म्हणालीस. मी तुझ्या बाबांना म्हटलं, हे तर आपल्या गल्लीतलं."

ईश्वरी शेजारी चित्र काढत बसली होती. तिनं मान वर केली. "आजी," तिनं अडखळत, पण मराठीत विचारलं, "तू पण चढली होतीस टँकरवर?"

"चढले नव्हते बाई. पुढं उभी राहिले."

"का?"

मग आजीनं सांगितलं. सावकाश, वर्गात धडा समजावून सांगावा तसं. नातीनं मधूनमधून जपानीत प्रश्न विचारले, स्वरूपानं ते मराठीत करून दिले. गोष्ट संपल्यावर ईश्वरी विचार करत म्हणाली, "म्हणजे ती टीव्हीतली बाई खोटी." आणि मग, "पण खरी बाई आहे ना कुठंतरी?"

"आहे," स्वरूपा म्हणाली. "डेल्फिना तिचं नाव."

दुसऱ्या दिवशी तिनं नागासे-सानना फोन केला आणि लातिन-केईचं काम यापुढं करणार नाही म्हणून सांगितलं. ते हळहळले. मग म्हणाले, करीच्या पाकिटाची एक जाहिरात आहे, त्यात साडी नेसून चमचा हातात घेऊन नाचायचं आहे, तुम्ही तर अस्सल इंडियन. तिनं तेही नाकारलं. फोन ठेवल्यावर मोठं काही केल्यासारखं वाटेल अशी तिची अपेक्षा होती. तसं काही वाटलं नाही. पुढची सगळी दुपार रिकामी होती, एवढंच.

ती निघाली आणि न कळवता त्सुरुमीला गेली. मिलाग्रोस घरी नव्हती. तिच्या आईनं खुणेनं सांगितलं, त्या पलीकडच्या सभागृहात. तिथं शाळा सुटल्यावर परदेशी मुलांचा अभ्यास घेतात. स्वरूपा दारात जाऊन उभी राहिली. आत लांब टेबलं, पंधरा-वीस मुलं, नुसता कलकलाट. मिलाग्रोस एका मुलाच्या वहीवर वाकली होती. तिनं वर पाहिलं. थोडा वेळ पाहतच राहिली.

"मी ते काम सोडलं," स्वरूपा म्हणाली.

"त्यानं त्यांना काही फरक पडणार नाही. दुसरी मिळेल."

"माहीत आहे."

मिलाग्रोसनं टेबलाखालची एक खुर्ची पायानं बाहेर ढकलली. "इतिहास शिकवायचीस ना तू?" ती म्हणाली. हे 'तू' पहिल्यांदाच होतं. "सहावीच्या मुलांना एदो काळ आलाय, शोगुन राज्यकर्त्यांचा. मला वर्षं लक्षात राहत नाहीत."

स्वरूपा बसली. समोर चष्मा लावलेली, जाड वेणीची एक मुलगी होती. वडील ब्राझीलचे, आई बोलिव्हियाची, नाव लुसियाना. तिनं स्वरूपाला नीट न्याहाळलं आणि जपानीत विचारलं, "तुम्ही ब्राझीलच्या का?"

"नाही. भारताची."

"पण दिसता तशा," लुसियाना म्हणाली आणि पुस्तक तिच्याकडे सरकवलं. "हे शोगुन लोक परदेशी माणसांना आत येऊ का देत नव्हते? आमच्या सेन्सेईंनी सांगितलं, पण मला ते पटलं नाही."

"का नाही पटलं?" स्वरूपानं विचारलं, आणि कॉलेजातल्या सवयीनं बाह्या वर सारल्या.